आपलं धुणं आपण मोजायचं नाही

माझी मोठी मावशी दुसऱ्यांचे कपडे धुऊन जगली. यात सांगण्यासारखं काही नाही. निम्मं जग तेच करतं आणि त्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. पण मावशी धुवायची ते कपडे अणुवीजघरातले. भट्टीच्या पोटात शिरून नट आवळणारी, नळ्या जोडणारी, फरशी पुसणारी माणसं बाहेर पडताना अंगावरची डांगरी, टोपी, हातमोजे, पायमोजे सगळं उतरवून पिंपात टाकायची आणि आपापल्या कपड्यांत घरी जायची. ती पिंपं ढकलत ढकलत मावशीच्या दारात यायची.

धुलाईघर तळाला, बिनखिडकीचं. एका भिंतीला म्हशीएवढी धुलाईयंत्रं, समोर वाळवणीची यंत्रं, मधे पत्र्याचं लांबलचक टेबल आणि टेबलाच्या टोकाला मोजणीचं यंत्र. धुतलेला प्रत्येक कपडा त्याच्याखालून सरकवायचा. यंत्र गप्प राहिलं तर घडी. ओरडलं तर परत पाण्यात. पुन्हा पुन्हा ओरडलं तर त्या कपड्याला निरोप. कापून पिंपात, पिंपाला झाकण, झाकणाला शिक्का.

"पहिला महिना फार जड गेला," मावशी सांगायची. "डाग दिसत नाही, वास येत नाही, बोटाला लागत नाही. आणि म्हणे घासा. भुताशी कुस्ती गं ती, तीही साबणाच्या पाण्यात."

त्या धुलाईघराचा एक नियम होता. ज्यानं धुतलं त्यानं मोजायचं नाही. मावशीनं धुतलेले कपडे मोजायची एक म्हातारी, जिला सगळे मुकादमीण म्हणायचे. मावशीला ते सुरुवातीला झोंबलं. जन्मात कुणी तिच्या धुण्याला नावं ठेवली नव्हती. एक दिवस ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

मुकादमिणीनं मान वर न करता म्हटलं, "आहे की."

"मग कशाला मोजता?"

"तो टिकावा म्हणून. तू जीव लावून धुतेस. जीव लावलेल्या माणसाला डाग दिसत नाही. कुठल्याही आईला विचार, तिचं पोर कुणाला चावतं का."

मावशी हसली, आणि तो नियम तिच्या अंगात असा मुरला की धुलाईघरापुरता राहिलाच नाही. स्वैपाक झाला की मीठ दुसऱ्यानं चाखायचं. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, परीक्षेहून येऊन 'पेपर छान गेला' म्हणाली की मावशी म्हणायची, "ते तपासणारा सांगेल. तू हात धू." तिची कुणी स्तुती केली तर ती अशी बघायची, जणू समोरच्यानं यंत्र न लावताच कपड्याची घडी घातली. गावानं तिचं नाव मीटरमावशी ठेवलं. तिला ते आवडायचं. निदान ती तसं म्हणायची. खरं काय ते तिनं कुणाला मोजू दिलं नाही.

एकदा बाहेर पडताना फाटकावरचं यंत्र तिच्याच पायाशी ओरडलं. कुठून काय चिकटलं देव जाणे, पण तळव्याशी काहीतरी होतं. चपला कोऱ्या होत्या, आदल्याच आठवड्यात घेतलेल्या. पहारेकरी ओळखीचा. तो म्हणाला, "मावशी, पुसून बघू का एकदा?" मावशीनं चपला काढल्या, पिंपात टाकल्या आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी घरी आली. रस्ताभर कडेच्या गवतावर उड्या मारत. आम्ही हसलो तर म्हणाली, "हसा. दुसऱ्याची डांगरी कापताना हात कापत नाही, मग स्वतःच्या चपलेला काय सोनं लागलंय?"

ती त्या वीजघरात का गेली, तेही सांगायला हवं. तिचा नवरा, आमचे काका, नदीपलीकडच्या कोळशाच्या वीजघरात राख ओढायचे. त्यांचा रुमाल कायम काळा. मावशी तो रोज उकळायची आणि तो रोज काळा व्हायचा. पुढे खोकलाही काळा झाला. काका गेल्यावर अणुवीजघराची जागा निघाली तेव्हा सगळे म्हणाले, 'तिथे जाऊ नकोस, तिथे मरण दिसत नाही.' मावशी म्हणाली, "दिसणारं बघितलंय मी. त्याला मीटर नव्हता. याला आहे."

ताईनं लग्न केलं ते पवनचक्कीवाल्याशी. गावामागच्या डोंगरावर चक्क्यांची रांग आहे. त्यांच्या पोटातल्या शिडीनं वर चढायचं, टोकाशी असलेली यंत्रं दुरुस्त करायची, हा त्याचा धंदा. काटक, बोलका, हुशार माणूस. उंचीची भीती नव्हती. सासूची होती, पण ती तो दाखवायचा नाही. सुट्टीच्या दिवशी मावशीकडे चहाला आला की दोघांचं सुरू.

"आई, वारा फुकट, ऊन फुकट. आमची एक चक्की बंद पडली तर एक चक्की बंद पडते. तुमचं बिघडलं तर सगळं जग बातम्या लावून बसतं."

"आणि वारा पडला की, जावईबापू?"

"ऊन असतं."

"सूर्य बुडाला की?"

"बॅटऱ्या."

"आठवडाभर आभाळ भरलेलं, पान हलत नाही. मग बॅटरीत काय फुंकर घालणार?"

ताई कप आपटायची. "चहा घ्या आधी. गार झाला तर तो कुणाच्या विजेवर तापवायचा, यावर पुन्हा भांडाल."

उन्हाळा आमच्याकडे पूर्वी पाहुणा होता, आता घरजावई झाला होता. आला की जायचं नाव नाही. नदी आटायची, आणि वीजघराला थंड करायला घेतलेलं पाणीच इतकं कोमट असायचं की भट्टी मंद करावी लागायची. कोळसा जाळून आपणच हवा तापवली, याबद्दल सासू-जावयात दुमत नव्हतं. भांडण पुढचं. अणुवीजघर जुनं झालं होतं. त्याची मुदत वाढवायची, की ते बंद करून सगळं बळ वाऱ्यात आणि उन्हात घालायचं? गावात दोन तट पडले. बंद करा म्हणणाऱ्यांची समिती झाली. जावई त्या समितीत.

"नवं अणुवीजघर बांधायला घ्या, पोरं म्हातारी होतात," तो म्हणायचा. "हवा तेवढी थांबणार आहे का? आम्ही दोन पावसाळ्यांच्या मधे डोंगर भरून चक्क्या उभ्या करतो."

"करा की! तुमच्या चक्क्या पाडा म्हणालं का कुणी? उभं आहे तेही पाडू नका, एवढंच म्हणते. हे विझलं की दुसऱ्या दिवशी काय पेटेल? पलीकडचा कोळसा. मला ते धुणं पुन्हा धुवायचं नाही."

मग जावई हुकमाचं पान काढायचा. "आणि तुमच्या चपला? त्या पिंपात अजून आहेत. तुम्ही जाल, मी जाईन, आणि तुमच्या चपला आमच्या पणतवंडांनी राखायच्या. मालकीण गेली आणि चपला अमर!"

इथे मात्र मावशी उगीच काही रेटून बोलायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि जो म्हणेल माझ्याकडे आहे, त्याचंही मोजून घ्या."

हे सगळं चहाबरोबर चाललं होतं तोवर ठीक होतं. मग ताईला मुलगी झाली.

ताई छापखान्यात पानं जुळवायच्या कामावर. रजा संपत आली तेव्हा पोर कुणाकडे ठेवायचं हा प्रश्नच नव्हता, निदान मावशीच्या मनात नव्हता. तिनं नातीसाठी मुदतीआधीच नोकरी सोडली. मागच्या खोलीत छोटी पलंगडी मांडली, खिडकीला जाळी लावून घेतली. आणि मग एका सुट्टीला जावई चहाला हात न लावता म्हणाला, "आई, राग मानू नका. पोर या घरात नाही ठेवायचं."

ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"तुम्ही इतकी वर्षं तिथून या घरात येताय," तो म्हणाला. "गाद्यांत, भिंतीत काय मुरलंय कुणाला ठाऊक? मोठ्या माणसाचं एक असतं. तान्हं पोर उद्या रांगेल, दिसेल ते तोंडात घालेल."

आता मावशी उसळेल असं आम्हाला वाटलं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली.

"माझं घर स्वच्छ आहे, असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "आपलं धुणं आपण मोजायचं नाही. तुमच्या समितीकडे मीटर आहे ना? तो आणा. मास्तरांना बोलवा. वीजघराचा कुणी नको, माझ्या बाजूचा कुणी नको. मीटर गप्प राहिला तर पोर माझ्याकडे. ओरडला तर मी तोंड मिटून घेईन आणि नातीला बघायला तुमच्या दारात येऊन उभी राहीन."

भांडायला आलेल्या माणसाची काठी कुणी हातातून घेऊन धुऊन वाळत घालावी, तसं जावयाचं झालं. त्याला हो म्हणण्यावाचून गत नव्हती.

मास्तर म्हणजे समितीचा कणा. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, अणुवीजघराचे हाडवैरी आणि तरी गावातले सगळ्यांत सरळ गृहस्थ. त्यांच्याशी वैर धरायचं म्हटलं तरी जमायचं नाही. ते ठरलेल्या सकाळी यायचे होते. आदल्या दिवशी शेजारच्या काकूनं खिडकीतून मान काढली. ही काकू जन्मभर खिडकीत राहिली आणि झोपायला तेवढी घरात गेली, म्हणून तिला आम्ही खिडकीकाकू म्हणायचो.

"अगं, माणसं यायचीत. केर तरी काढ."

"केर काढला तर ते काय मोजतील, माझा झाडू?" मावशी म्हणाली. तिनं चादरीसुद्धा बदलल्या नाहीत.

मास्तर आले, मीटर गळ्यात अडकवून. म्हणाले, "आधी माझ्याच घरात मोजून आलोय. थोडी टकटक सगळीकडेच असते, ती दगडमातीतूनही येते. त्याच्यावर गेलं तरच बोलू." ताई आली. पोरीला ती सासूकडे ठेवून आली होती. जावयाचा पत्ता नव्हता. डोंगरावर मुक्कामाचं काम निघालं म्हणून तो दोन-तीन दिवस घरीच आला नव्हता. पण अट त्याची, तेव्हा त्याच्यासमोरच मोजायचं, असं म्हणत ताईनं त्याला फोनवर फोन केले होते.

त्याची वाट बघत मास्तरांनी सुरुवात केली. उंबरा, पायपुसणं, ओटा, मोरी, गादी, उशी. मावशीनं अंबाडाही पुढे केला. मीटर मधूनच टक, मधूनच टकटक, भिंतीवरच्या पेंगुळलेल्या पालीसारखा. सगळं घर फिरून मास्तर मागच्या खोलीत गेले, पलंगडीवर वाकले, मीटर पोरीच्या उशीवर धरला. टक. टकटक.

तेवढ्यात जावई आला आणि पलंगडीशेजारी येऊन उभा राहिला.

मीटर ओरडला. टकटक कुठली, गरम तव्यावर पाणी सांडावं तसा एकच चर्राटा. मास्तर मागे सरकून भिंतीला आदळले. ताईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. खिडकीतून काकू किंचाळली, "अगं बाई! पलंगडीत आहे! पलंगडीत!" आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिला खिडकी सोडून रस्त्यावर धावताना पाहिलं.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती पलंगडीकडे बघत राहिली. मग तिचा आवाज आला, तो घरचा नव्हता, धुलाईघरातला होता.

"कुणी हलू नका. ओरडला की पळायचं नाही. पळणारा सांडत जातो. एकेकानं बाहेर व्हा. आधी मी."

ती बाहेर गेली. मीटर ओरडतच होता. "आता तू." ताई गेली. तरी तेच.

"जावईबापू, आता तुम्ही."

तो हलेना. मावशीनं पुन्हा हाक मारली तेव्हा पाय ओढत अंगणात गेला. मीटरचा गळा कुणी दाबावा तसा आवाज बसला. टक. टकटक.

"आत या."

चर्राटा.

"जा बाहेर."

टक.

जावई अंगणातल्या पायरीवर बसला. आता नीट पाहिलं तेव्हा दिसलं, तो केवढा वाळला होता. डोळे मोठाले, हात गुडघ्यांत दाबून धरलेले, तरी थरथरत होते.

"थायरॉइड बिघडलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "छाती धडधडते. खाल्लेलं अंगी लागत नाही. परवा दवाखान्यात गोळी दिली. आयोडीनची. ती... तसलीच असते."

"तसलीच म्हणजे?" ताईनं विचारलं.

"किरणं टाकणारी. तिनं ती ग्रंथी मारतात. काही आठवडे तान्ह्या पोराजवळ जायचं नाही म्हणाले. म्हणून मुक्कामाचं सांगितलं. चक्क्यांच्या गोदामात झोपतो. पोर इथे नाही म्हणून आज आलो, मीटर माझ्यावर ओरडेल हे ध्यानातच आलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"हात थरथरणाऱ्या माणसाला वर चढू देतात का? कळलं की खाली बसवतील. माझ्या जागी दुसरा चढेल."

ताईचा पारा चढला. "म्हणजे माझ्या आईच्या घरात विष शोधायला माणसं आणलीस, आणि पोटात घेऊन फिरतोयस तू! चोर तो चोर आणि वर पोलिसांबरोबर!"

"मला भीती वाटत होती," तो म्हणाला. "गोळी घ्यायची ठरली तेव्हापासून. रोज वाचत बसायचो. स्वतःच्या भीतीचं काही करता येईना, म्हणून ती आईंच्या घरावर टाकली."

आणि मग मावशी हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वाऱ्याचा माणूस," तिला बोलता येईना, "वाऱ्याचा माणूस निघाला अणूचा! आणि मी इथे नातीची उशी पिंपात टाकायला निघाले होते!" जावयालाही हसू आलं, पण ते त्यानं ओठांत धरलं. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "कपडे कुठे धुताय?"

"गोदामातल्या नळावर. सगळ्यांच्यातच."

"वेगळे धुवा. टॉवेल, ताटवाटी वेगळी. पाणी ढसाढसा प्या. आणि डॉक्टरांचा कागद नीट वाचा, मी काही डॉक्टर नाही."

मास्तर मीटर बंद करून उभे होते. "मी बाहेर सांगतो सगळ्यांना. घर चोख आहे. ओरडला तो..."

"मास्तर," मावशीनं त्यांना थांबवलं. "घर मोजलंत ते सांगा. माणूस मोजलात, ते त्याला विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आमच्याकडे डांगरी ओरडली तर ती कुणाची, हे टेबलाबाहेर जात नाही."

मास्तरांनी जावयाकडे बघितलं. तो म्हणाला, "एवढे आठवडे जाऊ द्या. बरा होतो, मग मीच सांगतो."

पण गावाला आठवड्यांची सवड नव्हती. काकूच्या तोंडून निघालेली बातमी कोपऱ्यावर पोचेपर्यंत मीटर फुटला होता आणि मास्तर बेशुद्ध पडले होते. मास्तर सांगत फिरले की घर स्वच्छ आहे. लोक विचारत, मग ओरडला कशाला? मास्तर गप्प. सरळ माणसाला नीट गप्पही बसता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच लोकांनी काय ते ठरवलं. दूधवाला पिशवी फाटकाबाहेर ठेवून जाऊ लागला. सामाईक दोरीवरचे शेजाऱ्यांचे कपडे एक दिवस दुसऱ्या दोरीवर गेले. काकूनं जन्मात पहिल्यांदा खिडकी लावून घेतली आणि आतून फटीतून बघायला लागली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे विहीणबाई, जावयाची आई, येऊन दारातूनच म्हणाल्या, "पोर माझ्याकडेच राहील. तुमच्या घराबद्दल सगळा गाव बोलतोय. आमच्या मुलाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती."

एका वाक्याचं काम होतं. 'तुमच्या मुलाला विचारा,' एवढं म्हटलं असतं तर नात संध्याकाळी मांडीवर होती. मावशी म्हणाली, "उन्हातून आलात. पाणी घ्या."

विहीणबाईंनी पाणी घेतलं नाही.

ताई आईवर चिडली. "तू सांग, नाहीतर मी सांगते."

"तू सांगशील तर तुझ्या नवऱ्याची शिडी तू ओढलीस असं होईल. दुखणं त्याचं, तोंड त्याचं."

"आणि पोर?"

मावशी पलंगडीवरची चादर झटकत राहिली. "पोर माझ्या रक्ताचं आहे," ती म्हणाली, "पण मला घाई नाही." हे ती म्हणाली खरी, पण त्या दिवसांत ती तीच चादर पुन्हा पुन्हा धुवायची. आम्ही बघायचो.

मग वीजघराची मुदत वाढवायची की नाही, याची सुनावणी आली. शाळेचं सभागृह, डोक्यावर नुसती गरम हवा ढवळणारे पंखे, समोर टेबलामागे सरकारी माणसं. वीजघराच्या साहेबांनी बारा महिने तेरा काळ वीज आणि धूर नाही, हे सांगितलं. समितीनं स्वस्त ऊन, स्वस्त वारा आणि हजारो वर्षं राखायचा कचरा, हे सांगितलं. दोघांचंही पटत होतं, म्हणून दोघांच्याही वेळी टाळ्या पडत होत्या. मग समितीतला एक किराणा दुकानदार उठला.

"आकडे राहू द्या. याच गावात, वीजघरात कपडे धुणाऱ्या बाईच्या घरी मीटर ओरडला. तान्ह्या पोराच्या पलंगडीत! आणखी काय पुरावा हवा?"

सभागृह गरजलं. मास्तर उभे राहिले. ते त्याच बाजूचे. "हा मुद्दा घेऊ नका," ते म्हणाले.

"का? ओरडला नाही का?"

"ओरडला."

"मग?"

मास्तरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं पंख्याकडे पाहिलं.

"मीटरमावशी, बोला की!" मागून कुणीतरी ओरडलं. "आता का दातखीळ बसली?"

मावशी उठली. पदर सारखा केला. "वीजघराबद्दल विचारा, मी सांगते," ती म्हणाली. "बरं-वाईट सगळं. माझ्या घराबद्दल मी बोलणार नाही. ते दुसऱ्यानं मोजलंय." आणि खाली बसली. गलका इतका झाला की टेबलामागच्या साहेबाला टेबल बडवावं लागलं. विहीणबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी मान फिरवली.

"ओरडला तो माझ्यामुळे."

जावई सगळ्यांत मागच्या खिडकीबाहेर उभा होता. आत आलाच नव्हता. लोक वळले.

"माझ्या अंगात औषध आहे. अणूचं. दवाखान्यातून घेतलेलं. मी पलंगडीजवळ गेलो म्हणून मीटर ओरडला. आईंचं घर मास्तरांच्या घराइतकंच स्वच्छ आहे. हे त्यांना माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं. मी चढायचं काम जाईल म्हणून गप्प बसलो, आणि माझ्यासाठी त्या गप्प बसल्या." तो थांबला. छाती धपापत होती. "वीजघर बंद करा, असंच माझं मत आहे. आजही. पण त्यासाठी मला सासूच्या घरचा खोटा पुरावा नको. खरे मुद्दे आहेत माझ्याकडे. ते मी इथूनच, खिडकीबाहेरून मांडतो, कारण आत लहान मुलं आहेत."

आणि त्यानं मांडले. खिडकीचे गज धरून, धापा टाकत. चांगले मांडले. साठवणुकीचं, जमिनीचं, वेळेचं. मावशी आतून कान देऊन ऐकत होती, आणि एका मुद्द्याला तिनं मान डोलावली. ते पाहून वीजघराच्या साहेबाचा चेहरा पडला.

सुनावणीचा निकाल अजून वर कुठेतरी फिरतोय. जावयाला अपेक्षेप्रमाणे खाली बसवलं. हात स्थिर झाले की पुन्हा चढवू म्हणालेत. तोवर तो गोदामात सुटे भाग मोजतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर करवादतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई स्वतः पोरीला घेऊन मावशीच्या दारात आल्या.

"माझं चुकलं, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी काही सांगितलंच नव्हतं."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. तिचे हात आधीच पुढे झाले होते. "आत या. चहा टाकते. साखर तुम्ही बघा."

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस अजून भरलेले नाहीत. म्हणून जावई कामाला लागायच्या आधी रोज रस्त्याच्या पलीकडे, भिंतीशी येऊन उभा राहतो. मावशी पोरीला घेऊन फाटकाशी येते. मधे अख्खा रस्ता, तेव्हा जे बोलायचं ते ओरडून. काकूची खिडकी उघडी.

"आई! काल आख्खं गाव वाऱ्यावर चाललं! ऐकलंत का?"

"ऐकलं! आणि परवा?"

"परवाचं काय काढता? आज बघा काय वारा सुटलाय!"

"सुटलाय म्हणूनच टोपडं घातलंय तिला!"

"जरा वर धरा ना, दिसत नाही!"

मावशी पोरीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते. तिचे खांदे दुखतात, ते तिला कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मधेच एखादी गाडी आडवी जाते. गाडी जाईपर्यंत ती तशीच उभी असते, पोर वर धरून.